हातचं काम : मावळ्यांच्या पायाखालची माती



मागच्या अंकातल्या गोधडीबद्दल बऱ्याच जणींनी लिहिलं, दोघींनी तर अर्ध्या झालेल्या गोधडीचे फोटोही पाठवले. बरं वाटलं. या वेळचं काम दिवाळीचं आहे. दिवाळीला अजून अवकाश असला तरी ते आत्ताच सांगते, कारण यात हाताला वेळ थोडा लागतो आणि वाळायला फार लागतो.

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण जे मावळे उभे करतो, त्यांच्या पायाखाली करायची छोटीशी बैठक, एवढाच आजचा विषय. किल्ला कसा रचावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. मावळा उभा कसा राहावा याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. त्यामुळे तो पडतो. तटावरून पडतो, मांजराच्या शेपटीनं पडतो, फटाक्याच्या हादऱ्यानंही पडतो. आणि मातीचा असेल तर पडला की मोडतो.

हे मला गेल्या दिवाळीपर्यंत सुचलं नव्हतं. कसं सुचलं ते आधी सांगते.

बिस्किटांचा डबा

आमच्या आळंदच्या गल्लीत किल्ला करण्याची चाल नव्हती. माझा थोरला भाऊ, अण्णा, आठवीत असताना दिवाळीला सोलापूरला मामाकडे गेला. तिथल्या बोळातले किल्ले बघून आला आणि पुढच्या वर्षीपासून आमच्या अंगणात किल्ला सुरू झाला. तो जो सुरू झाला तो अण्णा सत्तरीला टेकला तरी बंद पडला नाही. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. घमेल्यानं माती आणून देणं हे माझं काम. किल्ल्याला हात लावायचा नाही. पाडव्याला अंगणात शेणाच्या गवळणी आणि पांडव घालायचे, ते आईबरोबर मी करायची. किल्ला त्याचा, गवळणी माझ्या, अशी आमची वाटणी होती.

अण्णा गेला त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. पहिल्या वर्षी घरात सण नव्हता. गेल्या वर्षी भाचा बायको-मुलीला घेऊन बंगळूरहून आला. त्याची लेक अकरा वर्षांची. आल्या आल्या तिनं विचारलं, "आत्याआजी, आजोबांचा किल्ला कोण करणार?" वहिनी उठून आत गेल्या. मीही गप्प बसले.

रात्री जेवणं झाल्यावर वहिनींनी माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले मावळे. मी एकेक सोडवून जमिनीवर मांडला. चौदा होते. त्यातल्या नऊ जणांना पाऊलच नव्हतं.

ते कसं झालं हे मला लगेच कळलं. अण्णा मावळ्यांचे पाय ओल्या मातीत रोवून त्यांना उभं करायचा. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा. तोवर माती वाळून दगडासारखी झालेली. मावळा ओढला की वरचा भाग हातात यायचा आणि पाऊल किल्ल्यातच राहायचं. दर वर्षी एखादा जायचा. अण्णा पुढच्या वर्षी त्याला आणखी थोडा खोल रोवायचा, की मोडलेला पाय दिसू नये.

"यांना काही करू नका वन्सं," वहिनी म्हणाल्या, "त्यांनी रंगवलेले आहेत ते."

भाच्याची डबी

भाचा तिथंच बसला होता. तो उठला आणि बॅगेतून प्लास्टिकची एक डबी घेऊन आला. तिच्यात बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई. बंगळूरला तो मित्रांबरोबर रविवारी टेबलावर लढाईचा खेळ खेळतो, त्यातले. मला शिपायांचं विशेष वाटलं नाही. मी बघत राहिले ती त्यांच्या पायाखालची जागा. प्रत्येक शिपाई रुपयाच्या नाण्याएवढ्या चकतीवर चिकटवलेला, आणि त्या चकतीवर जमीन होती. भेगा पडलेली माती, दोन खडे, वाळक्या गवताचा एक झुबका. शिपायाला हात न लावता, चकती धरून उचलायचं.

"आत्या, याला बेस म्हणतात," तो म्हणाला. "आम्ही शिपायाइतकाच वेळ यावर घालवतो. पायाखाली काय आहे ते बघितलं की हा कुठं उभा आहे ते कळतं."

हा छंद जगात जुना आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या एका माणसानं वाळूवर मांडायचा युद्धाचा खेळ तयार केला होता. १८१२ मध्ये तो राजापुढे न्यायची वेळ आली तेव्हा त्यानं वाळूऐवजी डोंगर, नद्या, रस्ते असलेले साच्यातले तुकडे आणि ते ठेवायला टेबल बनवलं. त्याच्या मुलानं १८२४ मध्ये तोच खेळ नकाशावर आणून सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नियम बांधून दिले. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यानं १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं. आपल्याकडं पोरं दिवाळीत अंगणात हेच करतात. फरक एवढाच, की आपण लढाई खेळत नाही, पहारा मांडतो.

मी वहिनींना म्हटलं, "चेहऱ्याला, कपड्यांना, कुठंच हात लावणार नाही. फक्त पायाखाली जमीन देऊ." त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "बघा."

आधी माती ओळखा

मला वाटलं माती काय, अंगणाबाहेर पडली आहे. काळी माती कालवली, चकतीवर थापली, सकाळी बघते तर तिचे तीन तुकडे होऊन कडा वर उचललेल्या.

आमच्या आळंद भागातली काळी माती ही कापसाची आणि तुरीची माती. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. म्हणून उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. जे एकरभर शेतात होतं तेच चकतीवर होतं. वाळूचं उलटं. ती आकसत नाही, पण धरूनही राहत नाही.

इथं माझी गवळणींची विद्या कामाला आली. शेणाच्या गवळणीला भेग का पडत नाही? शेणात गवताचे तंतू असतात, ते धरून ठेवतात. अंगण सारवतानाही आई मातीत बारीक भुसा घालायची. तेच इथं केलं. तीन-चार वेळा चुकल्यावर ठरलेलं प्रमाण असं :

बारीक चाळलेली वाळू दोन चमचे, चाळलेली काळी माती अर्धा चमचा, तुरीचा अगदी बारीक भुसा अर्धा चमचा. यात पांढरा फेविकॉल आणि पाणी समसमान मिसळून, शिऱ्याइतकं घट्ट होईपर्यंत थोडं थोडं घाला. तांबडी माती असेल तर ती एक चमचाभर चालते, ती काळीइतकी फाटत नाही. बिदरकडच्या वाचकांना तांबडी माती दारातच मिळेल. तिकडं जांभा दगड आहे, बिदरचा किल्ला त्याच दगडाचा, आणि त्याचे तिहेरी खंदक तोच खडक खोदून काढलेले.

माती आणली की आधी काळजी घ्या. दगड-काडी निवडून ती जुन्या तव्यावर दहा मिनिटं परता. आतली ओल जाते, किड्यांची अंडी आणि गवताचं बी मरतं. नाही तर आठ दिवसांनी मावळ्याच्या पायाशी बुरशी दिसेल. मग दोन चाळण्या घ्या, एक मैद्याची आणि एक रव्याची. मैद्याच्या चाळणीतून पडेल ती जमीन, रव्याच्या चाळणीतून पडेल ती खडी, वर राहतील ते दगड. तिन्ही वेगळ्या वाट्यांत ठेवा.

दगड केवढा असावा याचा हिशेब भाच्याच्या लेकीनं केला. आमचा मावळा सहा सेंटिमीटर उंच. खरा माणूस साडेपाच फूट, म्हणजे १६८ सेंटिमीटर धरला तर मावळा त्याच्या अठ्ठाविसावा भाग. म्हणजे बैठकीवरचा एक सेंटिमीटरचा खडा हा मावळ्यासाठी जवळजवळ फूटभर दगड. आणि किल्ल्यावर आपण हौसेनं अळीव पेरतो, त्याचे कोंब दोन इंच वाढले की मावळ्याच्या डोक्याला लागायला येतात! ते गवत नसतं, झाडी असते. हे एकदा लक्षात आलं की हात आपोआप आवरता राहतो. बैठकीवर दोन खडे पुरतात.

एक मावळा गेला

आता चूक सांगते. ज्यांना पाऊल नव्हतं त्यांच्या पायात बारीक तार बसवायची आणि ती तार चकतीत रोवायची असं ठरलं होतं. भाच्यानं सुई हातानं फिरवून भोक कसं पाडायचं ते दाखवलं. चार जणांना नीट पाडलं. पाचवा माझ्या हातात होता, ढाल-तलवारवाला. मी जरा जोर केला. सुईचा काही आवाजही झाला नाही, मावळा गुडघ्यापासून वर भुगा होऊन मांडीवर पडला. बाकीचे भट्टीत भाजलेले होते. हा कच्च्या मातीचा होता, नुसता वाळवलेला. आधी पाहिलं असतं तर कळलं असतं.

मी तशीच बसून राहिले. साठ वर्षांपूर्वी "हात लावू नको, मोडशील" असं जे ऐकलं होतं ते खरं करून दाखवल्यासारखं वाटलं. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी बघितलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी पदरानं माझ्या मांडीवरचा सगळा भुगा गोळा केला आणि मैद्याच्या चाळणीत टाकला.

"फेकू नका," त्या म्हणाल्या. "ह्याच मातीत घाला. सगळ्यांच्या पायाखाली येईल."

तसंच केलं. त्या भुग्याला रंगाची निळसर झाक होती, ती मिश्रणात कुठं दिसली नाही. पण आम्हाला माहीत होतं. वहिनी त्यानंतर आमच्याबरोबर कामाला बसल्या, त्या शेवटपर्यंत.

तुमच्याकडे जुने मावळे असतील तर एवढं करा. तळाशी, जिथं दिसणार नाही तिथं, ओलं बोट लावून बघा. बोटाला माती आली तर तो कच्चा आहे. त्याला भोक पाडू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका आणि नुसता चिकटवा.

बैठक कशी करायची

चकतीसाठी मी आधी पुठ्ठा घेतला. ओलं मिश्रण लागताच तो पापडासारखा वळला. मग भाच्याला माळ्यावर जुना कॅरम सापडला. बोर्ड फुगलेला, पण सोंगट्या शाबूत. कॅरमची सोंगटी तीन सेंटिमीटरहून थोडी मोठी, आणि भाच्याच्या खेळातल्या शिपायांची एक नेहमीची चकती ३२ मिलिमीटरची. जवळपास तेवढीच! लाकडी, वजनदार, वळत नाही. घोडेस्वारांसाठी खराब झालेल्या सीडी वापरल्या, कातरीनं न कापता अख्ख्या. सोंगटी आणि सीडी दोन्ही गुळगुळीत असतात, म्हणून आधी पॉलिश पेपरनं वरची बाजू खरवडून घ्या. नाही तर माती सालपटासारखी निघते.

पहिल्या दिवशी मावळा चिकटवा. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग होईपर्यंत मळा. त्याची सुपारीएवढी गोळी सोंगटीवर दाबा आणि मावळा तीत बसवा. पाऊल नसेल तर त्याच एम-सीलचा छोटा दगड करा आणि पाय त्याच्या मागे गेला असं दाखवा. मोडलेलं पाऊल नव्यानं घडवायचा हट्ट धरू नका, ते ओळखू येतं. दगडामागे गेलेला पाय कुणाला खटकत नाही. मावळा सरळ आहे ना हे समोरून आणि बाजूनं, दोन्हीकडून बघा आणि रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवशी जमीन करा. तयार मिश्रण दाभणानं किंवा जुन्या चमच्याच्या दांड्यानं थापा. अगदी सपाट करू नका. एक बाजू थोडी चढी ठेवा, कारण मावळा डोंगरावर उभा आहे. ओलं असतानाच खडे दाबा. खडा वर ठेवायचा नाही, तिसरा भाग मातीत जाईल असा रोवायचा. शेतातला दगड बघा, तो जमिनीवर ठेवलेला नसतो, जमिनीतून वर आलेला असतो. मग सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं की वरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि तडकतं. दोन दिवस लागतात.

तिसरा टप्पा रंगाचा. इथं मला वाटलं, खरी माती आहे तर रंग कशाला? पण न रंगवलेली बैठक नुसती मळलेली दिसत होती. भाच्यानं कारण सांगितलं. खऱ्या जमिनीवर वरून उजेड पडतो, उंचवटे उजळतात आणि खळग्यांत सावली राहते. एवढ्याशा चकतीवर तेवढी सावली पडतच नाही, म्हणून ती रंगानं द्यावी लागते. आधी काळपट तपकिरी रंग पाणीदार करून सगळीकडे सोडा, तो खळग्यांत जाऊन बसतो. पूर्ण वाळू द्या. मग जाड ब्रशला फिकट मातकट रंग लावा आणि तो रंग फडक्याला पुसून पुसून ब्रश जवळजवळ कोरडा करा. हा कोरडा ब्रश वरच्या वर हलका फिरवायचा. रंग फक्त टोकांना लागतो. दोन मिनिटांत जमीन उठून येते. मुलांना हा भाग फार आवडतो. मलाही आवडला, मी माझ्या दोन बैठका संपल्यावर भाचीसुनेच्याही रंगवल्या.

शेवटी गवत. रंगवलेला हिरवागार लाकडाचा भुसा टाकण्याआधी बाहेर जाऊन बघा. आमच्याकडे दिवाळीला तूर हिरवी उभी असते, पण बांधावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. नारळाचा काथ्या कातरून त्याचे झुबके केले, मुळाशी थोडा हिरवा आणि टोकाला पिवळा रंग दिला. चहाचा चोथा धुऊन, वाळवून पालापाचोळ्यासाठी चिमूटभर टाकला. सोंगटीची कड काळ्या रंगानं एकसारखी रंगवली. झाली बैठक.

एक सोंगटी लाल होती, राणी. ती कुणाला द्यायची यावर बरीच चर्चा झाली. अण्णाचा एक भालेवाला पहारेकरी होता, तो दर वर्षी महादरवाजाशी असायचा. राणी त्याला दिली. तिची कड मात्र काळी केली नाही, लालच ठेवली.

कुठला किल्ला?

अण्णाचा किल्ला कुठल्याच खऱ्या किल्ल्यासारखा नसायचा. पण आता पायाखाली जमीन करायची म्हटल्यावर पोरीनं विचारलं, "आत्याआजी, हे कुठं उभे आहेत?" शाळेत शिवनेरी, रायगड, प्रतापगड तिनं ऐकलेले. गेल्या वर्षी जुलैमध्ये, २०२५ साली, मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याचीही तिला माहिती होती. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि एक जिंजी तमिळनाडूत. "आपल्याकडचा एकही नाही?" ती म्हणाली.

आपल्याकडचे किल्ले काही कमी नाहीत. कलबुर्गीचा किल्ला आहे, १३४७ मध्ये तिथं बहमनी राजधानी झाली. बिदर आहे, बसवकल्याण आहे. पलीकडे उदगीर आहे, तिथं १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. आणि आळंदहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्यावर नळदुर्ग आहे. अण्णानं सगळ्या पोरांना कधी ना कधी नेलं होतं तिथं. बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटात १६१३ मध्ये इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात झालेला पाणीमहाल, आणि पावसाळ्यात त्यावरून पडणारे नर आणि मादी धबधबे. वहिनी म्हणाल्या, "नळदुर्ग करा." त्यावर कुणी वाद घातला नाही.

पोरीची शंका मात्र संपली नव्हती. "नळदुर्ग महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात. मग मावळ्यांच्या पायाखाली कुठली माती पाहिजे?"

प्रश्न चांगला होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही गाव हैदराबाद राज्यातच होते. त्या दिवशी मधून रेघ गेली, नळदुर्ग मुंबई राज्यात गेला आणि आळंद म्हैसूर राज्यात. माणसांच्या शाळा बदलल्या, कागदांची भाषा बदलली. माती मात्र खालून एकच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा खडक झिजून झालेली, खजुरीच्या नाक्याच्या अलीकडेही आणि पलीकडेही. दोन्हीकडे तूर येते आणि दोन्हीकडे उन्हाळ्यात भेगा पडतात. म्हणून आमच्याच शेताच्या बांधावरची माती घेतली. शेजारची कानडी बाई कौतुकानं बघत होती. पोरगी तिला शुद्ध कानडीत "मण्णु" कशी चाळायची ते समजावून सांगू लागली, तेव्हा ती हसून म्हणाली, "अक्का, ही तर आमचीच पोरगी की!" तिनं तिच्या घरची चाळणी आणून दिली, ती माझ्या चाळणीहून बारीक निघाली.

एक सांगून ठेवते. हौसेनं किल्ल्यावरची माती किंवा दगड उचलून आणू नका. हे किल्ले संरक्षित आहेत, आणि प्रत्येकानं एकेक खडा आणला तर तिथं काय राहील?

किल्ल्यावर उभं करताना

किल्ल्याखाली शहाबादी फरशीचा मोठा तुकडा घेतला. आपल्या जिल्ह्यातली फरशी, सगळ्या महाराष्ट्राच्या ओट्यांवर गेली, आपल्या किल्ल्याला तर हवीच. आतला सांगाडा मागच्या वर्षीच्या तुराट्यांचा, वर पोत्याचा तुकडा, त्यावर शेण, माती आणि भुसा यांचा गिलावा. या खेपेला गिलावा मी केला, आणि मला माती आणायला कुणी पाठवलं नाही.

आता बैठकीचा खरा उपयोग. किल्ला ओला असताना, जिथं मावळा उभा करायचा तिथं रिकामी सोंगटी दाबून काढून घ्यायची. तेवढी खाच राहते. ही रिकामी सोंगटी मावळ्याच्या सोंगटीहून किंचित मोठी असलेली बरी, कारण माती वाळताना खाच आकसते. आम्ही सोंगटीभोवती कापडाचा एक वेढा देऊन दाबली. किल्ला वाळला की मावळे आणून खाचेत ठेवायचे. रोवायचं नाही, चिकटवायचं नाही. कडेला थोडी कोरडी माती भुरभुरली की सांधा दिसत नाही. रात्री मांजर फिरण्याआधी सगळे उचलून आत आणता येतात आणि सकाळी ज्याच्या त्याच्या जागी परत जातात.

तेरा मावळे नळदुर्गाच्या तटावर उभे राहिले. त्यांचे चेहरे अण्णानं रंगवलेले तसेच होते, काहींच्या मिशा उडालेल्या, एकाचा डोळा पुसलेला. पोरीला मिशा रंगवायच्या होत्या. तिला नाही म्हणावं लागलं. थोडी हिरमुसली, मग धबधब्याच्या कापसाकडे वळली.

भाऊबीजेला ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. मी पहिल्यांदाच ओवाळलं. अंगणातूनच, किल्ल्याशेजारी उभं राहून. वहिनींनी निरांजन माझ्या हातून घेतलं आणि न बोलता महादरवाजाशी, त्या भालेवाल्यासमोर ठेवलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर किल्ला मोडला. या वेळी एकही पाऊल मातीत राहिलं नाही. तेराही जण बैठकीसकट उचलून डब्यात गेले. डबा पुरेना, म्हणून दुसरा आणला.

आता तुम्ही काय कराल

माती या रविवारीच आणून तव्यावर परतून ठेवा. सोंगट्या, सीडी, जुनी झाकणं, जे असेल ते शोधा. एका वेळी चार-पाचच बैठका करा, सगळ्या एकदम करायला घेतल्या की मिश्रण वाटीतच घट्ट होतं. पहिली बैठक फसणार आहे असं धरून चाला आणि ती नव्या, बाजारातून आणलेल्या मावळ्यावर करा, जुन्यावर नको. आणि मुलांना, मुलींना, दोघांनाही हात घालू द्या.

परदेशातल्या आणि दूरच्या शहरांतल्या वाचकांनी आपल्या दारची माती वापरावी. तिथली माती कशी वागते, भेग पडते का, रंग कसा येतो, ते मला कळवा. पुढच्या अंकात ते सगळं एकत्र देईन.

आम्ही या वर्षी बिदर करणार आहोत. जांभ्याचा रंग कसा साधायचा यावर भाच्याचे आणि पोरीचे फोनवर वाद सुरू आहेत. वहिनींनी तांबड्या मातीची पिशवी केव्हाच मागवून ठेवली आहे.